कॅनन २००डी मार्क टूवर गोडॉक्स टीटी६०० उडत नाही. लग्नासाठी बाहेरचा फ्लॅश कसा वापरावा?

नवी_लेन्स

कॅमेरा कॅनन २००डी मार्क टू, सोबत १८-५५ची किट लेन्स आणि ५० एफ/१.८. गोडॉक्सचा टीटी६०० नवीन घेतला आहे. फ्लॅशवरचं टेस्टचं बटण दाबलं की उडतो, पण कॅमेऱ्यावर बसवून फोटो काढला की काहीच होत नाही. सेल नवे आहेत, पाय हॉट शूमध्ये (कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) शेवटपर्यंत सरकवून चकती घट्ट फिरवली आहे, मेनूत फ्लॅश फायरिंग चालू आहे. हाच फ्लॅश एका जुन्या ७००डीवर लावला तर लगेच उडाला.

दुसरा प्रश्न वापराचा. पुढच्या महिन्यात घरचं लग्न आहे. मुख्य फोटोग्राफर ठरलेला आहे, मला फक्त घरच्यांचे फोटो काढायचे आहेत. कार्यालयाच्या खोल्या अकरा फूट उंच आहेत, मुख्य हॉलचं छत मात्र वीस फुटांवर. चेहरे पांढरेफटक आणि मागे मिट्ट काळोख, असे फोटो नको आहेत. कुठून सुरुवात करू?

घरात फिल्मच्या काळातला एक व्हिव्हिटार २८३ही आहे. तो दुसरा दिवा म्हणून चालेल का?

उजेडकर

फ्लॅश ठीक आहे, कॅमेराही ठीक आहे. दोघांची भाषा जुळत नाही एवढंच.

कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये नीट बघा. ७००डीच्या शूमध्ये मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका आहे आणि त्याच्या मागे छोटे ठिपके. २००डी मार्क टूमध्ये तो मधला मोठा ठिपकाच नाही, फक्त छोटे आहेत. आता टीटी६००चा पाय उलटा करून बघा: खाली एकच पिन, तीही बरोबर मधोमध. शटर उघडलं की त्या मधल्या ठिपक्यातून 'आता उड' एवढाच इशारा जातो, आणि तो मिळायची जागाच तुमच्या कॅमेऱ्यात नाही. छोट्या ठिपक्यांतून कॅननचा डिजिटल संवाद चालतो. तो फक्त कॅननसाठी बनवलेल्या टीटीएल फ्लॅशला (लेन्समधून उजेड मोजून पॉवर आपोआप ठरवणारा) किंवा ट्रिगरला (कॅमेऱ्यावर बसून दूरच्या फ्लॅशला इशारा देणारं यंत्र) कळतो. मेनूत कितीही शोधलंत तरी यावर सेटिंग सापडणार नाही.

आज, काहीही न खरेदी करता फ्लॅश वापरायचा असेल तर तो कॅमेऱ्यावरून काढा. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश बोटाने वर उचला. टीटी६०० ऑप्टिकल स्लेव्हच्या, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून उडण्याच्या, एस२ मोडमध्ये टाका आणि त्याची पुढची लाल काच कॅमेऱ्याच्या दिशेने येईल असा ठेवा. डोकं वेगळ्या दिशेला वळवलं तरी चालतं. एस१ का नाही, तर कॅननचा अंगचा फ्लॅश मुख्य झोताआधी मोजणीसाठी एक छोटा झोत टाकतो. एस१ त्या पहिल्या झोतालाच उडून मोकळा होतो. डोळ्यांना दोन्ही फ्लॅश उडालेले दिसतात, फोटोत मात्र टीटी६००चा उजेड नसतो. एस२ पहिला झोत सोडून देतो आणि दुसऱ्याला उडतो. रेड-आय रिडक्शन बंद ठेवा. अंगच्या फ्लॅशचं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे २ करा, म्हणजे तो इशाऱ्यापुरताच राहील आणि चेहऱ्यावर सपाट उजेड मारणार नाही.

सराव करायला हे पुरेसं आहे. लग्नात मात्र नाही.

तिन्हीसांज

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. लग्नात का नाही ते लिहितो.

ऑप्टिकल स्लेव्हला उजेड कोणाचा ते कळत नाही. मुख्य फोटोग्राफरचा फ्लॅश पडला, एखाद्या पाहुण्याच्या कॅमेऱ्याचा पडला, की तुमचा टीटी६०० त्यांच्यासाठीही उडणार. एस२मध्ये आणखी घोळ: कोणाचा तरी एक झोत तो 'पहिला' म्हणून मोजतो, तुमचा मोजणीचा झोत 'दुसरा' ठरतो आणि तुमच्या खऱ्या फोटोच्या वेळी तो चार्ज होत बसलेला असतो. शिवाय त्या फोटोग्राफरच्या फोटोत तुमच्या फ्लॅशचा उजेड नको तिथे येऊन पडेल. ते काम त्याचं आहे, त्यात आपण लुडबुड करू नये.

म्हणून रेडिओ हवा. दोन वाटा आहेत. एक, एक्स२टी-सी किंवा एक्सप्रो-सीसारखा कॅननचा ट्रिगर घ्यायचा, तो कॅमेऱ्यावर आणि टीटी६०० स्टँडवर. दोन, टीटी६८५ टू-सी हा टीटीएल फ्लॅश घ्यायचा. माझा कौल दुसऱ्या वाटेला. तो कॅमेऱ्यावर बसून छताकडे तोंड करून उजेड देतो आणि त्याच वेळी रेडिओने टीटी६००लाही चालवतो. गर्दीत स्टँड लावायला जागा नसली तरी तुमच्या हातात एक दिवा राहतोच. ट्रिगर घेतलात तर स्टँड ठेवल्याशिवाय काही नाही.

काहीही घ्या, दुकानात कॅमेरा नेऊन त्यावर बसवून उडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मधला ठिपका नसलेल्या बॉडींसाठी ट्रिगर आणि फ्लॅशचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) नवं असावं लागतं. बॉक्स बरेच दिवस पडून असेल तर आत जुनंच असू शकतं, ते यूएसबीने संगणकाला जोडून बदलता येतं. ट्रिगर 'कॅननसाठी' म्हणजे मॉडेलच्या शेवटी सी असलेलाच घ्या. एन आणि एस ही निकॉन आणि सोनीची अक्षरं.

जोडणी सोपी आहे. टीटी६००वर वायरलेसचं नागमोडी बाणाचं बटण दाबत जा, पडद्याचा रंग हिरव्याचा नारिंगी झाला आणि अँटेनासारखं चिन्ह आलं की तो रेडिओ स्लेव्ह झाला. चॅनल दोन्हीकडे एकच ठेवा, ग्रुप ए. चॅनल ३२ आहेत, पण बॉक्समधून काढल्यावर असलेल्या चॅनलवर राहू नका. गोडॉक्स इतका सर्रास झाला आहे की मुख्य फोटोग्राफरकडेही तोच असण्याची दाट शक्यता आहे. लग्नाच्या सकाळीच त्याला विचारा तो कुठल्या चॅनलवर आहे, आणि तुम्ही चार-पाच आकडे दूर जा. दोन्ही उपकरणांत आयडीची सोय असेल तर तोही बदला.

उजेडकर

आता एक्स्पोजर. चेहरा पांढरा आणि मागे काळोख हे फ्लॅशमुळे होत नाही, कॅमेरा हॉलचा उजेड विसरतो म्हणून होतं. एका फोटोत दोन एक्स्पोजर असतात. हॉलच्या उजेडाचं एक्स्पोजर शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) तिघांवर ठरतं. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या शेकडाव्या-हजाराव्या भागात संपतो, म्हणून त्याच्यावर शटरचा परिणाम होत नाही. तिथे अ‍ॅपर्चर, आयएसओ, फ्लॅशची पॉवर आणि अंतर. म्हणजे मागचा हॉल उजळवायचा तर शटर हळू करा, चेहऱ्याचा उजेड बदलायचा तर पॉवर बदला. एवढं बोटांत बसलं की बाकी सगळं तपशील आहे.

कॅमेरा एम मोडवर, म्हणजे सगळे आकडे आपण ठरवायचे. ऑटो आयएसओ बंद, नाहीतर तुम्ही जुळवलेला हिशोब दर फोटोला हलेल. एव्ही मोडवर जाऊ नका: फ्लॅश चालू असताना कॅननचा एव्ही मोड हॉलच्या उजेडाप्रमाणे शटर १/८पर्यंतही उतरवतो आणि माणसं हलतात. पी मोड उलट करतो, शटर १/६०च्या खाली शक्यतो उतरवत नाही आणि मागे काळोख होतो.

सुरुवातीचे आकडे: आयएसओ १६००, एफ/५.६, शटर १/१००. एफ/५.६ मुद्दाम. तुमची किट लेन्स १८वर एफ/४ देते आणि ५५वर एफ/५.६. एफ/४वर जुळवून झूम केलंत की अ‍ॅपर्चर आपोआप बंद होतं आणि मॅन्युअल फ्लॅशचा फोटो एक स्टॉप, म्हणजे निम्म्या उजेडाने, काळा येतो. एफ/५.६ झूमभर टिकतं. शटर १/१०० यासाठी की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की एक-दोन पूर्ण लाटा शटरमध्ये येतात आणि स्वस्त एलईडींचे पट्टे दिसत नाहीत. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. हॉल साधारण एक ते दीड स्टॉप काळसर दिसला की बरोबर. जास्त काळा असेल तर १/५०. १/२००च्या वर जाऊ नका, ती या कॅमेऱ्याची सिंकची (फ्लॅश आणि शटर जुळण्याची) मर्यादा आहे. त्यापुढे दुसरा पडदा निघालेला असतो आणि फोटोच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

मग पॉवर. टीटी६००चा गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) बॉक्सवर ६० लिहिलेला असतो, पण तो डोकं २०० मिमीवर झूम केल्यावरचा. ३५ मिमीवर सुमारे ३६ धरा. गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागलं की आयएसओ १००चं अ‍ॅपर्चर मिळतं. आयएसओ १६००ला गाइड नंबर चौपट होतो, म्हणजे १४४.

अकरा फुटी खोलीत फ्लॅश छताकडे वळवला तर उजेडाचा वर जाऊन खाली येण्याचा रस्ता साधारण ५ मीटर. १४४ भागिले ५ म्हणजे एफ/२९. पांढरं छत दोन ते तीन स्टॉप खातं. तीन धरले तर एफ/१० उरतो. तुम्हाला हवा एफ/५.६, म्हणजे हातात पावणेदोन स्टॉप जास्त आहेत. १/४ पॉवरवर पहिला फोटो काढा, कमी वाटला तर १/२.

आता वीस फुटी हॉल. रस्ता १० मीटर, एफ/१४.४, त्यातून तीन स्टॉप गेले की एफ/५. म्हणजे पूर्ण पॉवरवरही थोडा उजेड कमीच. दर फोटोला फ्लॅश २.६ सेकंद थांबवणार, आणि पूर्ण पॉवरचे लागोपाठ तीसेक झोत झाले की त्याला दहा मिनिटं निवू द्यावं लागतं. तिथे छताचा नाद सोडा.

हॉलमध्ये टीटी६०० स्टँडवर पांढऱ्या आरपार छत्रीतून वापरा. छत्री माणसांपासून तीन मीटरवर, डोक्यापेक्षा दोन-अडीच फूट उंच, कॅमेऱ्याच्या रेषेपासून ४५ अंश बाजूला. डोक्याचं झूम २४वर, म्हणजे उजेड छत्रीभर पसरतो. २००वर ठेवलंत तर छत्रीच्या मधोमध फक्त एक गोळा उजळतो आणि छत्री लावून काही फायदा उरत नाही. या मांडणीत १/८ ते १/१६ पॉवर पुरते. सेल टिकतात, लगेच दुसरा फोटो घेता येतो.

दिवेलागण

व्हिव्हिटार २८३बद्दल. तो हॉट शूवर बसवण्याआधी ट्रिगरचा व्होल्टेज मोजणं सक्तीचं समजा. जुन्या काळचे, जपानमध्ये बनलेले २८३ मधल्या पिनवर २००हून जास्त व्होल्ट ठेवतात. नंतरच्या बनावटीचे बरेचसे १० व्होल्टच्या आत असतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून मोजल्याशिवाय कळत नाही. कॅमेरा आणि फ्लॅशच्या जोडणीसाठीच्या आयएसओ १०३३० या मानकात २४ व्होल्टपर्यंतची सोय सांगितली आहे. २०० व्होल्ट शूमध्ये गेले तर आतलं स्विचिंग जळू शकतं, आणि ते लगेच जळेलच असं नाही, शंभर फोटोंनंतरही जळेल.

मोजायची पद्धत: सेल घाला, फ्लॅश चालू करा, रेडीचा दिवा लागेपर्यंत थांबा. मल्टिमीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या रेंजवर. लाल टोक पायाच्या मधल्या पिनला, काळं टोक पायाच्या कडेच्या धातूच्या पट्टीला. बोटं धातूला लावू नका, आणि एकाच टोकाने पिन आणि पट्टी दोन्ही एकदम टेकवू नका, नाहीतर फ्लॅश हातातच उडेल.

तुमच्या कॅमेऱ्याला मधला ठिपकाच नाही, त्यामुळे २८३ त्यावर उडणारही नाही. रेडिओ रिसिव्हरला लावायचा तरी त्या रिसिव्हरची व्होल्टेजची मर्यादा आधी वाचा. आणि २८३ वर्षानुवर्षं बंद असेल तर आतला कपॅसिटर मऊ पडलेला असतो: पहिल्यांदा चार्ज व्हायला मिनिटभर लागतो, शिट्टी लांबते. चालू करून पाच-सात वेळा चार्ज करा, उडवा. तरीही वेळ कमी होत नसेल किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर सेल काढून बाजूला ठेवा. उघडून बघण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका. तो कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो आणि सेल काढले तरी बराच वेळ भरलेला राहतो. लग्नाच्या दिवशी या फ्लॅशवर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत.

नवी_लेन्स

शूमध्ये बघितलं, मधला ठिपका खरंच नाही. एस२वर लगेच उडाला. टीटी६८५ टू-सी दुकानात कॅमेऱ्यावर लावून बघून घेईन.

आणखी तीन गोष्टी: हॉलचे दिवे पिवळे आहेत, त्यात फ्लॅशचा उजेड निळसर दिसतो. अंतरपाटाच्या वेळी स्टँड कुठे ठेवू? आणि सेल कुठले?

तिन्हीसांज

रंग: फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा, पिवळे दिवे २७०० ते ३००० केल्विनचे. कॅमेरा एकच रंग 'पांढरा' धरू शकतो, म्हणून एक बाजू बिघडते. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पातळ पत्रा) लावून त्याला दिव्यांजवळ आणायचं. अर्धा सीटीओ (या नारिंगी जेलचं नाव, अर्ध्या गडदपणाची) लावला की फ्लॅश सुमारे ३८०० केल्विनवर येतो. व्हाइट बॅलन्सही ३८००च्या आसपास हवा. तुमच्या कॅमेऱ्यात केल्विनचा आकडा भरता येत नसेल तर छत्रीच्या उजेडात पांढऱ्या कागदाचा फोटो काढून त्यावरून कस्टम व्हाइट बॅलन्स करा. चेहरे स्वच्छ, मागचे दिवे किंचित ऊबदार, लग्नाला हेच छान दिसतं. पूर्ण सीटीओने मागचं आणि पुढचं एकसारखं होतं, पण उजेडही जास्त खातो. जेल लावल्यावर पॉवर अर्धा-पाऊण स्टॉप वाढवा. दोन्ही फ्लॅशवर सारखीच जेल हवी. मंडपाला लाल-पिवळं कापड असेल तर त्यावर उजेड आपटवू (बाउन्स करू) नका, सगळ्यांच्या चेहऱ्यावर त्या कापडाचा रंग चढतो आणि तो नंतर संगणकावरही नीट निघत नाही.

अंतरपाट: वधू-वर समोरासमोर, मध्ये पांढरं कापड. स्टँड एका टोकाला, वराच्या किंवा वधूच्या मागे ठेवलात तर अंतरपाट भिंतीसारखा आडवा येतो. एकाचा चेहरा उजळतो, दुसरा सावलीत जातो. छत्री कापडाच्या कडेच्या रेषेत, प्रेक्षकांच्या बाजूला हवी, म्हणजे उजेड कापडाच्या दोन्ही बाजूंना सारखा जातो. कॅमेरा तिच्या शेजारी. एरवीचा ४५ अंशांचा नियम इथे सोडून द्या.

शेवटच्या 'सावधान'ला अक्षता उडतात तेव्हा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश थेट पुढे रोखलेला नको. लेन्ससमोर दीड-दोन फुटांवरून जाणारा तांदळाचा दाणा वधूपेक्षा कितीतरी पट जास्त उजळतो आणि फोटोत पांढरे फुगलेले ठिपके येतात. स्टँडवरच्या उजेडाला ही अडचण कमी, कारण तिथून कॅमेऱ्याजवळचे दाणे लांब असतात. १/८ पॉवरचा झोत हजाराव्या सेकंदाहूनही लहान, त्यात दाणे हवेत स्पष्ट थांबतात. पूर्ण पॉवरचा झोत बराच लांब, त्यात त्यांच्या रेघा होतात. होमाच्या धुराचंही तेच. कॅमेऱ्याच्या जागेवरून फ्लॅश मारला की धूर पांढरा पडदा होतो, बाजूने मारला की त्याला आकार येतो आणि मागची माणसं दिसतात.

स्टँडचा एक पाय छत्रीच्या दिशेला ठेवा आणि बुडाला तीन-चार किलोचं वजन लटकवा, पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत घालून चालतात. पंख्याचा वारा छत्री पाडायला पुरेसा असतो, आणि खाली मुलं पळत असतात.

दिवेलागण

सेल निकेल मेटल हायड्राइडचेच, चार्ज टिकवून ठेवणारे, १९०० ते २५०० एमएएचचे, चार-चारचे तीन संच. अल्कलाइनचा आतला रोध जास्त, त्यामुळे सुरुवातीला ठीक चालतात आणि मग चार्जिंगची वेळ दोनवरून सहा-आठ सेकंदांवर जाते. भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल तर घालूच नका. १४५०० नावाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल अगदी त्याच आकाराचे असतात. चार मिळून जवळजवळ १५ व्होल्ट होतात आणि फ्लॅश जळतो. त्यांना हात लावू नका.

एका संचावर एकच रंगाची खूण करा आणि तो संच कायम एकत्रच वापरा, एकत्रच चार्ज करा. चारांत एक जरी अर्धा रिकामा असेल तर तो आधी संपतो, बाकीचे तीन त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात, त्याचे ध्रुव उलटतात आणि तो कायमचा खराब होतो. चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजणारा घ्या.

रेडीचा दिवा कपॅसिटर पूर्ण भरण्याआधीच लागतो, म्हणून पूर्ण किंवा अर्ध्या पॉवरवर दिवा लागल्यावर आणखी सेकंदभर थांबा, नाहीतर दर दुसरा फोटो किंचित काळा येईल. १/८वर हा प्रश्न येत नाही. टीटी६०० आपोआप झोपणार नाही असं सेटिंग करून ठेवा आणि लग्न आटोपलं की सेल काढून ठेवा. पावसाळ्यात आत राहिले तर संपर्काच्या पट्ट्यांवर हिरवट थर येतो.